दिवाळीची भेट: संपेल किंवा झिजेल अशीच

माझ्या शिलाई मशीनच्या खणात एक दोनशे पानी वही असते. दर वर्षी घट बसले की मी तिच्यात नावं लिहायला घेते: यंदा दिवाळीला कुणाला काय द्यायचं. गेल्या वर्षी 26 नावं झाली आणि सगळ्यांचा मिळून खर्च आला 940 रुपये. त्यात मेतकूट होतं, उटणं होतं, पिशव्या होत्या. हे सगळं कसं करायचं ते सांगते.

2016 साली मिस्टरांची ठाण्याच्या वागळे इस्टेटमधली कंपनी बंद पडली. त्या दिवाळीला मिठाईचे बॉक्स परवडणारे नव्हते आणि सणासुदीला कुणाकडे हात हलवत जाणं जिवावर येत होतं. मी घरी फॉल-पिको आणि ब्लाउजची कामं करते. मशीन होतं, कापड होतं, सासूबाईंच्या हाताखाली शिकलेलं उटणं होतं. तेवढ्यावर सुरुवात केली. पुढे दिवस पालटले, पण मी बाजारच्या भेटींकडे परत वळले नाही. आमच्या नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत 350 चौरस फुटांत चार-चार माणसं राहतात. तिथे शोभेची वस्तू दिली की ती आधी टीव्हीवर बसते, मग माळ्यावर जाते. म्हणून मी स्वतःला एक नियम घालून घेतला: जे देईन ते संपून तरी जावं, नाहीतर वापरून झिजावं.

आधी उटणं. ते सगळ्यात स्वस्त, आणि त्याची तयारी सगळ्यात लवकर करावी लागते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये नागपुरी संत्र्यांचा मृगबहार, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेलं पीक, बाजारात येतो. तेव्हाच्या साली टाकू नका. आतला पांढरा भाग चमच्याने खरवडून काढा, नखाएवढे तुकडे करा आणि ताटात पसरून उन्हात ठेवा. मार्चच्या उन्हात चार-पाच दिवसांत साली कडक होतात. एक तुकडा मोडून बघायचा. कटकन तुटला तर वाळला, वाकला तर अजून दोन दिवस उन्हात. मग घट्ट झाकणाच्या बरणीत भरून ठेवून द्यायच्या.

हे मी ठणकावून सांगते, कारण 2019 साली मी उलट केलं होतं. त्या दिवाळीला अरबी समुद्रात क्यार वादळ होतं, ऑक्टोबर संपत आला तरी ठाण्यात पाऊस पडत होता. मी ताज्या साली पंख्याखाली वाळवल्या, वरून कोरड्या वाटल्या म्हणून दळल्या. आठ दिवसांनी शेजारच्या काकूंनी पुडी आणून दाखवली. उटण्याच्या गुठळ्या झाल्या होत्या आणि एका गुठळीवर पांढरी बुरशी होती. त्या संध्याकाळी मी घरोघर जाऊन चौदाच्या चौदा पुड्या परत आणल्या. अंगाला लावायची वस्तू, तिच्यात अशी चूक मला फार लागली. तेव्हापासून सालींचं काम मार्चमध्येच. ज्यांच्याकडे मार्चच्या साली नाहीत त्यांनी काष्ठौषधीच्या, म्हणजे वाळलेल्या जडीबुटीच्या दुकानातून संत्रासाल पावडर आणावी, किंवा साल वगळून तेवढं मसुरीचं पीठ वाढवावं.

एक किलो उटण्याचं माझं प्रमाण असं: मसूर डाळीचं पीठ 400 ग्रॅम, मुलतानी माती 150 ग्रॅम, संत्रासाल 100 ग्रॅम, आंबेहळद, कपूरकाचरी, नागरमोथा आणि सुक्या गुलाबपाकळ्या प्रत्येकी 75 ग्रॅम, वाळा 50 ग्रॅम. मसूर डाळ धुवायची नाही, भाजायची नाही. कोरड्या फडक्याने पुसून दोन तास उन्हात ठेवायची आणि मिक्सरला बारीक करायची. नागरमोथा, कपूरकाचरी, वाळा ही मुळं आहेत, चांगलीच चिवट. अख्खी आणून घरच्या मिक्सरवर घालू नका, पातं जातं. दळलेलीच घ्या, पण पुडा उघडून वास बघून घ्या. आंबेहळदीला कैरीसारखा वास आला पाहिजे. वाळ्याला पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास असतो. वास नसेल तर माल जुना आहे, पुढच्या दुकानात जा.

मी ही खरेदी जांभळी नाक्याला करते. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात संध्याकाळी तिथे पाय ठेवायला जागा नसते, म्हणून सकाळी अकराच्या आत जाऊन येते. सगळं सुटं, वजनावर घ्यायचं. मला किलोमागे दोनशे-सव्वादोनशे रुपये पडले, म्हणजे 100 ग्रॅमची पुडी 25 रुपयांच्या आत. चार माणसांच्या घराला एका अभ्यंगस्नानाला तेवढी पुरते.

आता खरं काम, वस्त्रगाळ. पिठाची चाळणी इथे चालत नाही. मुळांचा जाडसर भरडा तिच्यातून खाली उतरतो आणि अंग घासताना ओरखडे उठतात. एका मोठ्या पातेल्याच्या तोंडावर जुनी मलमल किंवा धुऊन मऊ झालेल्या धोतराचा तुकडा थोडा सैल बांधा, मध्ये वाटीसारखा खोलगट भाग राहील असा. त्यात दोन मुठी मिश्रण घाला आणि तळहाताने हलकेच गोल गोल फिरवा. दाबायचं नाही. कापडाखालून पीठ धुरासारखं उतरतं आणि वर कोंडा राहतो. हा कोंडा टाकायचा नाही, परत मिक्सरला लावून परत गाळायचा. एक किलोला मला दीड तास लागतो. नाका-तोंडाला फडकं बांधा, पंखा बंद ठेवा. पण झालेलं उटणं दोन बोटांच्या चिमटीत घेऊन बघा, पावडरीसारखं लागतं. विकतच्या बऱ्याच पुड्यांना ही सर येत नाही.

वाटण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस थांबा. लाली किंवा खाज आली तर काय बाधलं ते शोधल्याशिवाय कुणाला देऊ नका. पुडीवर आत काय काय आहे ते सगळं लिहा, केल्याची तारीख घाला, आणि कोरड्या जागी ठेवून दोन महिन्यांत संपवा असं लिहा. घरात तान्हं बाळ असेल तर त्याच्यासाठी हे नाही, हे तोंडी सांगा.

पुडी आतून बटर पेपरची, वर कापडाची पोटली. वर्तमानपत्राच्या कागदात बांधू नका, शाई उतरते. पोटलीला ब्लाउजपीसचे उरलेले तुकडे चालतात, 6 इंच रुंद आणि 16 इंच लांब. मधोमध दुमडून दोन बाजू शिवा, तोंडाशी नाडीपुरती नळी सोडा. माझ्याकडे गिऱ्हाइकांच्या कपड्याचे कापणीतले तुकडे उरतात, ते मी वर्षभर जपून ठेवते आणि विचारून वापरते. तुमच्याकडे नसतील तर जवळच्या टेलरकडे मागा, बहुतेक जण आनंदाने देतात.

यंदा वेळेची एक सोय आहे. 2026 ला अधिक ज्येष्ठ आल्यामुळे दिवाळी लांबली, लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे. गेल्या वर्षी नरक चतुर्दशी 20 ऑक्टोबरलाच होती, पावसाळी दमट हवा जेमतेम सरली होती. यंदा ऑक्टोबरचं ऊन पूर्ण हाताशी मिळतंय. डाळी, पाकळ्या, बरण्या, सगळं त्या उन्हात घालून घ्या.

मेतकूट मी त्यांना देते जे घरापासून लांब एकटे राहतात किंवा ज्यांच्या घरी आता दोनच म्हातारी माणसं आहेत. फराळ चार दिवस सगळीकडून येतो. मेतकूट पुढे डिसेंबरमध्ये, थंडीतल्या एखाद्या रात्री उपयोगी पडतं, जेव्हा स्वयंपाक करायचा कंटाळा येतो आणि गुरगुट्या भातावर चमचाभर मेतकूट नि तूप एवढंच हवं असतं.

एक वाटी हरभऱ्याची डाळ, अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी उडीद डाळ, पाव वाटी मूगडाळ, दोन मोठे चमचे गहू, एक मोठा चमचा धणे, एक लहान चमचा जिरं, अर्धा चमचा मोहरी, अर्धा चमचा मेथी, तीन-चार सुक्या मिरच्या. वरून हळद, हिंग आणि सुंठपूड प्रत्येकी अर्धा लहान चमचा. यात साधारण 400 ग्रॅम होतं, म्हणजे 200 ग्रॅमच्या दोन बरण्या. बरणीमागे 35 रुपये.

प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, मंद आचेवर, जाड बुडाच्या कढईत, तेलाशिवाय. एकत्र भाजलं की तांदूळ कच्चे राहतात आणि मूगडाळ करपते. हरभऱ्याची डाळ बदामी होईपर्यंत, तिला वेळ लागतो, घाई करू नका. तांदूळ फुलून पांढरे होतात. उडदाचा वास घरभर सुटला की लगेच ताटात काढा. मेथी नुसती गरम झाली की पुरे, लाल झाली तर सगळं मेतकूट कडू. शेवटी गॅस बंद करून गरम कढईत हळद, हिंग, सुंठ परतून घ्या. सगळं पूर्ण गार झाल्यावरच दळा. कोमट दळलं तर वाफ धरतं आणि पंधरा दिवसांत वास येतो.

दोन-तीन बरण्यांपुरतं मिक्सरवर होतं. जास्त असेल तर गिरणीत न्या आणि सांगा, गव्हावर नको, डाळीवर दळा. आधी बाजरी-ज्वारी दळलेली असेल तर थांबा. आमच्या गिरणीवाल्या दादांना मी दसऱ्यालाच सांगून ठेवते, ते दुपारी डाळीची पिठं दळून झाली की मला हाक मारतात. मेतकुटात मीठ घालू नका. मीठ ओल धरतं, ज्याचं त्याने पानात वाढून घ्यावं. आणि बरणीच्या चिठ्ठीवर दह्यातलं मेतकूटही लिहून द्या: घट्ट दही, मेतकूट, मीठ, चिमूटभर साखर, वर मोहरी-हिंगाची फोडणी. वसतिगृहातल्या मुलांना भात मिळतोच असं नाही, दही मिळतं.

बरण्या विकत आणू नका. जॅमच्या, कॉफीच्या काचेच्या बरण्या वर्षभर साठवा. लोणच्याची बरणी मात्र मेतकुटाला घेऊ नका. काच स्वच्छ होते, पण झाकणाच्या आतल्या अस्तरातला वास उन्हानेही जात नाही.

सासूबाई 82 वर्षांच्या आहेत. त्यांचं काम फुलवातींचं. बाजारातल्या फुलवाती बऱ्याचदा सैल असतात, तुपात पडल्या की आडव्या होतात. सासूबाई कशा करतात ते सांगते. जांभळाएवढा कापूस घ्यायचा, त्यातली सरकीची कणी निवडायची, बोटांनी विंचरून गोल चकतीसारखा पातळ पसरायचा. मग मधोमध चिमटीत धरून कडा खाली घ्यायच्या आणि दुधात टेकवलेल्या बोटांनी टोकाला पीळ द्यायचा. बुडाचा कापूस टेकायला पसरट राहिला पाहिजे. एका पुड्यात 108. कापसाचा खर्च नगण्य, लागतो तो वेळ, आणि दुपारी टीव्हीसमोर बसल्या बसल्या तो त्यांच्याकडे असतो. कुणाला फुलवाती देताना मी सांगते की त्या सासूबाईंनी केल्यात. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या हाताचं काहीतरी भेटीत असू द्या, त्यांनाही नावांच्या यादीत आपली माणसं सुचवू द्या.

फुलवातींबरोबर साध्या मातीच्या पणत्या द्यायच्या तर आधी चार-पाच तास पाण्यात बुडवून ठेवून वाळवा. कोरी पणती तेल पिते, भिजवलेली कमी पिते. रंगवत बसू नका, मातीचा रंग चांगलाच दिसतो.

भाचीचं लग्न होऊन ती बंगळूरला गेली तेव्हा तिला मी शंभर पानी वहीत घरच्या पदार्थांच्या कृती लिहून दिल्या. खर्च 30 रुपये. प्रमाण लिहिताना तिच्याच वाटीने लिहिलं, तिच्या रुखवतातली वाटी मापून. हे फक्त एखाद्याच माणसासाठी करता येतं, म्हणून वर्षाला एकच वही.

एक गोष्ट करू नका. ओल्या नारळाच्या वड्या लांबच्या प्रवासाला देऊ नका, ऑक्टोबरच्या उकाड्यात दोन-तीन दिवसांत खराब होतात.

आणि दुसरी, माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाची. घरी कामाला येणाऱ्या मावशी, जिन्याची झाडलोट करणारे दादा, वॉचमन काका, यांना हाताने केलेली भेट बोनसऐवजी देऊ नका. त्यांच्या घरीही दिवाळी आहे, त्यांना आधी रोख पैसे लागतात. आमच्याकडे येणाऱ्या मावशींना आधी एका महिन्याच्या पगाराइतका बोनस, तोही धनत्रयोदशीच्या चार दिवस आधी, म्हणजे मुलांचे कपडे घेता येतात. त्याच्यावर पोटली. आमच्या वाईट वर्षात मी तो बोनस दोन हप्त्यांत दिला, पण दिला.

आता पिशवी. हे माझं आवडतं काम आणि यात मला सगळ्यात जास्त सांगायचंय. 2018 ला राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हापासून धड कापडी पिशवी कुणी नको म्हणत नाही. अट एकच, ती भाजी आणताना फाटता कामा नये.

जुनी सुती साडी घ्या. साडेपाच मीटर म्हणजे 216 इंच लांब, पन्हा, म्हणजे रुंदी, साधारण 44 इंच. आधी ती खिडकीसमोर उजेडात धरा. जिथे कापड विरलंय तिथून उजेड जास्त येतो, तेवढ्या जागी खडूने खुणा करा. खालची, फॉलकडची कड पायात घासून घासून कमजोर झालेली असते. वरची, कमरेला खोचायची कड मजबूत असते. म्हणून पिशवीचे बंद नेहमी वरच्या कडेतून काढायचे. त्या कडेची 8 इंचांची लांब पट्टी कापून बाजूला ठेवा. उरले 36 इंच, त्याच्या 18 इंचांच्या दोन लांब पट्ट्या. प्रत्येक पट्टीत 36 इंचांचे सहा तुकडे, असे एकूण बारा. एका पिशवीला दोन तुकडे एकावर एक ठेवून दुहेरी कापड करायचं, म्हणजे एका साडीत सहा पिशव्या. खुणा केलेला विरलेला भाग आला तर त्याच्यावर दुसऱ्या तुकड्याचा चांगला भाग येईल असं फिरवून लावा.

बंदाची 8 इंची पट्टी मधून कापून 4 इंचांच्या दोन करा, 24 इंचांवर तुकडे पाडा. अठरा बंद निघतात, लागतात बारा. उरलेले सहा उटण्याच्या पोटल्यांच्या नाड्यांना कामी येतात. बंदाला चार घड्या घालून एक इंच रुंदीचा करायचा आणि दोन्ही कडांना टीप मारायची.

दुहेरी तुकडा मधोमध दुमडा. आधी सुलट बाजूने, कडेपासून पाव इंचावर दोन्ही बाजू शिवा. मग पिशवी उलटी करून त्याच बाजूंना आतून अर्ध्या इंचावर परत टीप मारा. कापडाच्या कडा शिवणीत बंद होतात, धागे निघत नाहीत, आणि शिवण दुप्पट मजबूत होते. तळाचे दोन्ही कोपरे त्रिकोणी दाबून दोन-दोन इंचांवर आडवे शिवा, म्हणजे पिशवीला बूड येतं आणि ती ओट्यावर उभी राहते. तोंडाला दीड इंचाची पट्टी मोडा. बंदाची टोकं त्या पट्टीच्या आत जाऊ द्या आणि तिथे चौकोन शिवून त्याच्या आत फुली मारा. बाजारातली पिशवी तुटते ती बहुतेक इथेच, कारण तिथे एकच आडवी टीप असते. चौकोन-फुलीला अर्धा मिनिट जास्त लागतो, तो द्या.

देण्याआधी पिशवीत पाच किलो बटाटे घालून रात्रभर दाराच्या कडीला अडकवा. सकाळी शिवण बघा. जिथे दोरा ताणलेला दिसेल तिथे परत टीप मारा. मशीन नसेल तर हातशिलाईनेही होतं, फक्त धावदोरा नको, उलटी टीप घाला आणि दोरा दुहेरी घ्या.

वाटणीची वेळ सांभाळा. उटणं नरक चतुर्दशीच्या पहाटेला लागतं, म्हणून ते धनत्रयोदशीच्या आत पोचलं पाहिजे. चतुर्दशीला सकाळी आमच्या इमारतीतली मुलं आंघोळी उरकून, नवे कपडे घालून तलावपाळीला जातात, तोवर त्यांच्या अंगाला उटण्याचा वास असतो. जिन्यात कळतं. मेतकूट, पिशव्या भाऊबीजेपर्यंत केव्हाही चालतात.

धाकटी बहीण ऐरोलीला असते. ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत काचेची बरणी न्यायची तर ती पिशवीत गुंडाळून, पोटाशी धरून नेते. तीन वर्षांपूर्वी तिला मी आईच्या जांभळ्या इरकलीची पिशवी दिली. आई गेल्यावर ती साडी माझ्याकडे आली होती, काठ धड होता आणि मधून विरली होती. बहिणीने काठावरून हात फिरवला आणि म्हणाली, "ताई, ही मी कपाटात ठेवणार." मी म्हटलं, नाही, रविवारी भाजीला ने. तिने ऐकलं. गेल्या भाऊबीजेला तिने ती पिशवी परत आणली. एक बंद मेथीच्या जुड्या आणि नारळ वाहून वाहून उसवला होता, आणि तळाशी हळदीचा डाग पडला होता. मी उरलेल्या सहा बंदांतला एक काढला, जुना उसवून नवा लावला, चौकोन शिवला, आत फुली मारली. तिचा चहा होईपर्यंत पिशवी तयार होती.